सावलीची बदली होत नाही

एप्रिल-मे महिन्यात पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या चौकात दुपारी एकच्या सुमाराला पाच मिनिटं उभं राहून बघा. सिग्नल लाल. पांढऱ्या पट्ट्यापाशी जागा चक्क मोकळी, आणि दुचाकीवाल्यांचा घोळका पंचवीस-तीस फूट मागेच थांबलेला. एरवी हाच पुणेकर झेब्रा क्रॉसिंग ओलांडून, आडव्या रस्त्याचा सिग्नल किती सेकंदांवर आलाय हे मान वाकडी करून बघत, अर्धा चौकात शिरलेला असतो. पावतीची भीती त्याला थांबवत नाही, पोलिसाची शिट्टी थांबवत नाही. आज त्याला थांबवलंय डोक्यावरच्या रेन ट्रीच्या एका आडव्या फांदीनं. मागून एखादा गाडीवाला हॉर्न वाजवतो, "पुढे घ्या की" म्हणून ओरडतो. कुणी हलत नाही.

शहरातल्या माणसाला झाडाची किंमत कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे दृश्य बघावं. किंमत सगळ्यांना कळते, आणि ती शाळेत शिकवावी लागलेली नाही. गंमत पुढे आहे. त्याच दुचाकीवाल्याला संध्याकाळी घरी गाठून विचारा, "शहरात झाडं कशाला हवीत?" तो म्हणेल, "ऑक्सिजन मिळतो." दुपारी मिळालेली सावली तो विसरलेला असतो आणि चौथीच्या पुस्तकातलं उत्तर देतो. माझी तक्रार या उत्तराबद्दल आहे. झाडं वाचवायला निघालेल्या आपल्या सगळ्यांनी गेली चाळीस-पन्नास वर्षं हेच उत्तर घोकलं, आणि झाडं तोडणाऱ्यांच्या हातात नकळत आयतं हत्यार दिलं, असं मला वाटतं.

या उत्तराला इतिहास आहे. 1979 मध्ये कलकत्ता विद्यापीठाचे प्रा. टी. एम. दास यांनी पन्नास वर्षं जगलेल्या झाडाची किंमत 15 लाख 70 हजार रुपये काढली होती. तो आकडा पुढे भाषणांतून, भिंतीवरच्या तक्त्यांतून आणि निबंध स्पर्धांतून इतका फिरला की तो कुणी आणि कसा काढला हे कुणालाच आठवेनासं झालं. मग 2020 साली पश्चिम बंगालमध्ये रेल्वेवरच्या उड्डाणपुलांसाठी 356 झाडं तोडण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आला. सरन्यायाधीश होते शरद बोबडे, आपले नागपूरचे. त्यांच्या पीठानं झाडाची किंमत ठरवायला तज्ज्ञांची समिती नेमली. 2021 च्या फेब्रुवारीत तिचा अहवाल पुढे आला: झाडाचं जितकं वय, तितक्या वर्षांना प्रत्येकी 74,500 रुपये. त्यातले 45,000 रुपये एकट्या ऑक्सिजनचे, 20,000 जैविक खताचे. सावलीसाठी वेगळा रकाना बातम्यांत तरी कुठे दिसला नाही.

आकडा मोठा आहे म्हणून आम्हा झाडवाल्यांना तो फार आवडला. मलाही आवडला होता. मग हळूहळू त्यातली मेख लक्षात आली. हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के आहे. चौकातला वड पडला म्हणून त्या चौकात कुणाचा श्वास कोंडत नाही, आणि टेकडीवर शंभर रोपं लावली म्हणून टेकडीवरच्या माणसाला जास्तीचा प्राणवायू मिळत नाही. हवा वाहते, मिसळते. तिला वॉर्डाच्या हद्दी नसतात. शिवाय पानं कुजताना, लाकूड कुजताना वा जळताना ऑक्सिजन पुन्हा खर्चीही पडतो. तेव्हा हा फायदा अख्ख्या पृथ्वीच्या हिशेबात मांडण्याजोगा आहे, तुमच्या-माझ्या गल्लीच्या नव्हे. आणि खरी मेख अशी की फायदा जर असा कुठेही निर्माण होणारा असेल, तर झाडही कुठेही चालेल! मग चौकातलं तोडा आणि शहराबाहेरच्या माळावर लावा. ऑक्सिजन तोच, कार्बन तोच. "एकाच्या बदल्यात दहा" ही घोषणा याच तर्काच्या पोटी जन्मली. आपणच दिलेल्या मापानं आपल्याला मोजून दिलं जातं, आणि मग तक्रार कुठल्या तोंडानं करणार?

सावलीचं तसं नाही. ती आहे तिथेच असते. सिंहगडाच्या पायथ्याशी लावलेल्या झाडाची सावली कर्वे रस्त्यावर पडत नाही.

या सावलीत नेमकं किती अंतर पडतं, हे बंगळुरूत मोजलं गेलंय. हरिणी नागेंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात झाडांचे आणि बिनझाडांचे रस्ते समोरासमोर ठेवून पाहिले. झाडांच्या रस्त्यावर हवेचं तापमान 5.6 अंशांपर्यंत कमी भरलं. डांबराच्या पृष्ठभागाचं तापमान तर 27.5 अंशांपर्यंत कमी. हा दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो. उन्हात चालताना आपल्याला भाजतं ते नुसत्या हवेनं नाही. वरून सूर्य, खालून डांबर, बाजूनं सिमेंटची भिंत आणि उभ्या गाड्यांचे पत्रे, सगळे मिळून आपल्यावर उष्णता फेकत असतात. वेधशाळेचा तापमापक पेटीत, सावलीत ठेवलेला असतो. भाजीवाली बाई पेटीत बसत नाही. टीव्हीवर "आज 40 अंश" सांगतात तेव्हा तिच्या अंगाला काय लागतंय ते त्या आकड्यात नसतं. पान ऊन वरच्या वर अडवतं, शिवाय मुळांनी ओढलेलं पाणी हवेत सोडून भोवताल थोडा गार करतं. आणि जे डांबर दिवसभर तापलंच नाही, ते रात्री दहा वाजता खिडकीतून आत वाफाही सोडत नाही.

आता ही सावली वापरतं कोण, ते बघू.

आपल्या शहरांतल्या कुठल्याही जुन्या झाडाखाली उभं राहून खाली नजर टाका. चपला शिवणारा. किल्ल्या बनवणारा. पंक्चरवाला, त्याची पाण्याची घमेली आणि खोडाला टांगलेला टायर. इस्त्रीचं टेबल. रसवंती. रिक्षा स्टँड तर झाडाशिवाय होतच नाही. तिथे बोर्ड नंतर लागतो, आधी झाड लागतं. दुपारी दोनला डबा खाणारे डिलिव्हरीवाले, हेल्मेटची उशी करून पडलेले. दवाखान्याबाहेरच्या झाडाखाली गावाकडून आलेली नातलग मंडळी, पथारी टाकून. भाजीची हातगाडी तर घड्याळासारखी फिरते: सकाळी रस्त्याच्या पूर्वेला, चारनंतर पश्चिमेला. या सगळ्यांना महापालिकेनं छप्पर दिलेलं नाही, पंखा दिलेला नाही, बसायला बाक दिलेला नाही. झाड हाच त्यांचा गाळा, आणि त्याला पागडी नाही. पाणीपुरवठा, दिवाबत्ती, ड्रेनेज यांना आपण नागरी सेवा म्हणतो. सावलीला म्हणत नाही, कारण ती फुकट मिळते आणि ज्यांना मिळते त्यांची नावं मालमत्ता कराच्या यादीत नसतात.

झाडाचा त्रास मात्र ज्यांची नावं त्या यादीत आहेत त्यांना होतो. हे मी उपहासानं म्हणत नाही, मीही त्याच यादीत आहे. आमच्या सोसायटीच्या कुंपणाला लागून एक सोनमोहर होता. दर वार्षिक सभेत तो विषयपत्रिकेवर असायचा. गाड्यांवर पिवळा सडा पडतो आणि पावसात रंग चिकटतो. कावळे. गटारात मुळं शिरलीत. पहिल्या मजल्यावर उजेड येत नाही. एका काकांचं म्हणणं होतं की फांदीवरून चोर येईल. चोर लिफ्टनं येतात हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. शेवटी छाटणीचा अर्ज झाला, रीतसर परवानगी आली, आणि ठेकेदाराच्या माणसांनी एका सकाळी रस्त्याकडचा निम्मा डोलारा उतरवला. इमारतीकडची बाजू उंच आणि अडचणीची, म्हणून तशीच ठेवली. एका अंगानं बोडकं झालेलं ते झाड दोन पावसाळ्यांत कुंपणावर कललं. मग ते धोकादायक ठरलं. ते ठरणं खोटं नव्हतं, खरोखरच धोकादायक झालं होतं. तोडण्याची नोटीस खोडावर लागली, तीही खिळा ठोकून.

त्या सोनमोहराखाली आमचा इस्त्रीवाला उभा असायचा. सोसायटीच्याच कपड्यांना इस्त्री करायचा. त्याला कुणी विचारलं नाही, मीही नाही. आता तो पलीकडे पत्र्याच्या आडोशाला असतो आणि दुपारी एक ते चार बंद ठेवतो. निखाऱ्याची इस्त्री हातात घेऊन पत्र्याखाली मे महिन्यात तीन तास उभं राहता येत नाही, एवढंच कारण. रोजचे तीन तास, उन्हाळ्याचे तीन महिने. हे नुकसान झाडाच्या 74,500 रुपयांत धरलेलं नाही, आणि कुठल्याच अर्जाच्या नमुन्यात त्याला जागा नाही.

कायदा मात्र आहे, आणि वाईट नाही. महाराष्ट्रातल्या शहरांसाठी झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम 1975 सालचा आहे. इतर बऱ्याच राज्यांना त्या काळी हे सुचलंही नव्हतं. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. मोठ्या संख्येनं तोडायची असतील तर वृक्ष प्राधिकरणापुढे जावं लागतं. वर्तमानपत्रात आणि झाडावर नोटीस लावून हरकती मागवाव्या लागतात. 2021 च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षं वा त्याहून जुन्या झाडाला प्राचीन वृक्षाचा दर्जा दिला, आणि भरपाईचा नवा नियम आणला: तोडलेल्या झाडाचं वय जितकं, तितकी नवी झाडं लावायची. कागदावर हे पूर्वीपेक्षा पुष्कळच बरं आहे. निदान सत्तर वर्षांचा वड आणि सात वर्षांचा सुबाभूळ एका मापानं मोजले जात नाहीत.

पण हिशेब करून बघू. सत्तर वर्षांच्या एखाद्या रेन ट्रीचा पसारा समजा वीस मीटर व्यासाचा आहे. जंगली महाराज रस्त्यावर फिरलेल्यांना हा अंदाज जास्त वाटणार नाही. म्हणजे जमिनीवर सुमारे 314 चौरस मीटर सावली. जुन्या मापात जवळपास 3,400 चौरस फूट, तीन-चार टू बीएचके. त्याच्या बदल्यात लावलेल्या सहा फुटी रोपाचा पसारा उदारपणे एक मीटर धरा. एका रोपाची सावली पाऊण चौरस मीटरहून किंचित जास्त. नियमाप्रमाणे सत्तर रोपं: 55 चौरस मीटर. सगळी जगली तरी पहिल्या दिवशी सावलीचा सहावा हिस्साच हातात. आणि हा सहावा हिस्सा सत्तर ठिकाणी विखुरलेला, बहुतेक वेळा जिथे कुणी चालत नाही, भाजी विकत नाही, बसची वाट बघत नाही अशा जागी. कारण शहरात रोप लावायला मोकळी माती राहिलेली नाही. जी होती तिथे पेव्हर ब्लॉक बसलेत.

मुंबईच्या आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी तोडलेल्या झाडांचं उदाहरण यासाठी पुन्हा आठवावं लागतं. 4 ऑक्टोबर 2019 ला मुंबई उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती सुरू झाल्या. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली तोवर 2,141 झाडं पडली होती. त्या रात्रीबद्दल पुष्कळ लिहून झालंय. मला खटकते ती भरपाई. तिची रोपं संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात लावली गेली. जंगलाला झाडं दिली! ज्याच्या ताटात आधीच वाढलेलं आहे त्याला आणखी एक वाटी, आणि मोजणीच्या वहीत दोन्ही बाजू जुळल्या. 2025 च्या अखेरीस नाशिकच्या तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी झाडं काढायचं निघालं तेव्हाही तोडू त्याच्या कितीतरी पट लावू हेच आश्वासन पुढे आलं. कुठे लावणार, हा प्रश्न प्रत्येक वेळी तळटीप होऊन राहतो. तो पहिला प्रश्न असायला हवा.

संख्येचं आपल्याला वेडच आहे म्हणा. राज्य सरकारच्या वृक्षलागवडीचं लक्ष्य 2016 मध्ये 2 कोटी होतं, पुढच्या वर्षी 4 कोटी, मग 13 कोटी आणि 2019 मध्ये 33 कोटी. तेहतीस कोटी देवांइतकी झाडं! मुंबई महापालिकेच्या गणनेत सुमारे 29 लाख 75 हजार झाडं भरली. पुण्याची गणना त्याहून जास्त आकडा सांगते. हे आकडे खोटे आहेत असं मला म्हणायचं नाही. पण पुण्याच्या आकड्यात टेकड्यांवरची गिरिपुष्पाची दाटी आहे, मुंबईच्या आकड्यात खासगी आवारं आहेत. गोवंडीच्या शाळेतून दुपारी साडेबाराला घरी चालत जाणाऱ्या मुलीला त्या 29 लाखांतली किती भेटतात? दर माणशी झाडं हे प्रमाण तिच्या उपयोगाचं नाही. तिच्या पाचशे मीटरांत किती पावलं सावलीत पडतात, एवढाच तिचा आकडा. अजून कुठल्या महापालिकेनं तो काढलेला माझ्या पाहण्यात नाही. झाडांची गणना जीपीएस लावून होते. सावलीची मोजणी एका इंटर्नला एप्रिलच्या दुपारी टेप घेऊन पाठवलं तरी होईल.

इथे समोरच्या बाजूचं म्हणणं नीट ऐकलं पाहिजे, कारण ते सगळंच खोटं नाही. मेट्रो हवी की नको? हवी. जुन्या इमारतींचा पुनर्विकास थांबवायचा का? गळक्या खोल्यांत राहणाऱ्यांना तसं सांगायचा अधिकार मला नाही. रस्ता अरुंद म्हणून रुग्णवाहिका अडकते, हेही खरं. पण मेट्रोचंच घ्या. मेट्रोनं जाणारा माणूस दोन्ही टोकांना चालतो. स्टेशनापर्यंतचं सात-आठ मिनिटांचं चालणं उन्हात भाजून निघणारं असेल, तर तो मेट्रो सोडून पुन्हा गाडी काढतो, आणि गाडी लावायला पुन्हा जागा लागते, आणि जागेसाठी पुन्हा… स्टेशनासाठी झाडं काढावी लागली तर एकवेळ समजू. पण मग स्टेशनाकडे येणाऱ्या चारही वाटा सावलीच्या करणं हा त्या प्रकल्पाचाच भाग हवा, सरकत्या जिन्याइतकाच. जिना बंद पडला तर बातमी होते.

पुनर्रोपणाचा उपायही नेहमी सांगितला जातो. मोठं झाड उचलून दुसरीकडे लावायचं. उचलण्याआधी त्याची मुळं गड्ड्यापुरती छाटावी लागतात आणि फांद्याही उतरवाव्या लागतात. वड-पिंपळ-उंबर हे चिवट, ते जगतातही. बाकीच्यांचे उभे सांगाडे बघायचे असतील तर शहराबाहेरच्या पुनर्रोपणाच्या जागांवर एक चक्कर मारा. आणि जगलं तरी ते झाड तिथे जगतं, सावली इथली गेलेली असते.

पडणाऱ्या झाडांचा मुद्दा सगळ्यात अवघड आहे. झाडं पडतात, माणसं मरतात. 17 मे 2021 ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा एकट्या मुंबईत दोन हजारांहून जास्त झाडं कोसळली. ज्याच्या घरचं माणूस फांदीखाली गेलं, त्याच्यापुढे सावलीचं गुणगान करायला मी धजणार नाही. पण झाड का पडतं हेही विचारावं लागेल. दर वर्षी कुठल्या ना कुठल्या केबलसाठी फूटपाथ खोदला जातो आणि खोदाईत एका बाजूची आधाराची मुळं सपासप कापली जातात. चर बुजतो. वर सिमेंट बुंध्याला भिडवून ओततात. पाणी खाली जात नाही, मूळ श्वास घेत नाही. वर तारांच्या बाजूनं छाटणी, म्हणजे तोल एकीकडे. मग जूनच्या पहिल्या वाऱ्यात झाड जातं आणि आपण म्हणतो, झाडं धोकादायक असतात. राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्येच दिल्लीच्या संदर्भात बुंध्याभोवती एक मीटरचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्याकडे पेव्हर ब्लॉकवाला बुंध्याच्या मापाचा गोल काढतो, इतका नेमका की बोट जाणार नाही. त्याच्या कसबाला दाद द्यावी लागेल.

जातीचाही वाद आहे, तो मी पटकन उरकतो. गुलमोहर मादागास्करचा, रेन ट्री अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यातला, म्हणून ते गेले तर काय बिघडलं, असं म्हणणारे निसर्गप्रेमींतही आहेत. नवीन लावताना करंज लावा, कडुनिंब लावा, बकुळ लावा, ताम्हण तर राज्याचंच फूल आहे. गुलमोहराची फांदी ठिसूळ, हेही मान्य. पण जे साठ वर्षं रस्त्याला सावली देतंय त्याचा जन्मदाखला आता मागू नये. आपली मिरचीही तिकडचीच. खरं तर रेन ट्रीचं दुर्दैव वेगळंच आहे: त्याला देव नाही. उंबराखाली दत्त आहेत, वडाला वर्षातून एक दिवस सूत गुंडाळलं जातं, पिंपळाला मुंजा राखतो. ठेकेदाराचा माणूसही उंबराला हात लावताना क्षणभर थबकतो. रेन ट्रीपाशी कुणी थबकत नाही. परंपरेनं जे राखलं ते श्रद्धेच्या आधारानं राखलं. ज्यांना ती सोय नाही त्यांच्यासाठी नियमच हवा.

आणि नियमानं सावली करता येते, याचा पुरावा मुंबईतच उभा आहे. दादरची पारशी कॉलनी 1920 च्या दशकात वसली. मंचेरजी जोशींनी ती आखताना रस्ते, इमारतींची उंची आणि बागा यांच्याबरोबर झाडंही आखली. एका रस्त्याला एका जातीची झाडं, ओळीनं. तिथली सावली उरलेल्या जागेत उगवलेली नाही, ती नकाशात आधी काढलेली आहे. आज शंभर वर्षांनी मे महिन्यात तिथून चालणाऱ्याला नकाशा कुणी काढला हे ठाऊक नसतं, त्याची पावलं आपोआप सावकाश पडतात. आपल्या विकास आराखड्यांत रस्त्याची रुंदी मीटरमध्ये असते, ड्रेनेजचा व्यास मिलिमीटरमध्ये असतो, आणि झाडांसाठी "सुशोभीकरण" असा एक शब्द असतो.

हा शब्द आधी काढून टाकावा असं माझं म्हणणं आहे. झाड शोभेचं असेल तर त्याला एलईडीच्या माळा गुंडाळल्या तरी चालतात, आणि गुंडाळल्या जातातच. झाड ही पाण्याच्या नळासारखी सेवा मानली, तर प्रश्न आपोआप बदलतात. नळ तोडला तर पर्यायी नळ त्याच गल्लीत द्यावा लागतो, पाच किलोमीटरवर देऊन चालत नाही. तसंच भरपाईचं झाड तोडलेल्या झाडापासून चालत पाच मिनिटांच्या आत लागलं पाहिजे. जागा नसेल तर दोन पार्किंग काढून जागा करावी. हे वाक्य माझ्याच सोसायटीत वाचलं गेलं तर काय होईल याची मला कल्पना आहे. ठेकेदाराचं बिल खड्डा आणि रोप मोजून न देता तीन उन्हाळ्यांनंतर उभ्या असलेल्या झाडावर द्यावं. खोदाईचा परवाना देणाऱ्या कागदावर उद्यान खात्याची सही असावी, कारण झाड वादळाच्या कितीतरी आधी त्या कागदावर पडलेलं असतं. आणि हरकतींची नोटीस लागली की झाडाखाली जे रोज असतात त्यांच्यापाशी जाऊन कुणीतरी ती वाचून दाखवावी, त्यांचं म्हणणं लिहून घ्यावं. वृक्ष अधिकाऱ्याला त्यासाठी अर्धा तास लागेल. चहा तिथेच मिळतो.

रॉजर उलरिच या संशोधकानं 1984 मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या जुन्या नोंदी तपासल्या होत्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण. काहींच्या खिडकीतून झाडं दिसत, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास छोटा होता, रुग्णांच्या 23 जोड्या फक्त. तो मी शेवटाकडे ठेवला, कारण खिडकी असणाऱ्यांचा फायदा आपल्याला लवकर पटतो. त्यांच्यासाठी टेकडी दिसणारे फ्लॅट जास्त भावानं विकले जातात, म्हणजे बाजारानंही तो ओळखलाय.

ज्यांना खिडकी नाही त्यांच्यासाठी आमच्या बसथांब्यावर स्टीलची शेड आहे. तिचं छत पारदर्शक आहे आणि बाक दुपारी टेकवत नाही इतका तापतो. या मे महिन्यात तिथून जाताना चार माणसं शेडच्या बाहेर, एकामागे एक, अगदी शिस्तीत उभी दिसली. मला वाटलं, पुण्यात बसला रांग कधीपासून लागायला लागली? जवळ गेल्यावर कळलं. विजेच्या खांबाची सावली तेवढीच रुंद होती.